‘मी सांगतोय ना, मग लाव!’ : सांगलीच्या व्यापारी-कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाडमधील अडते, व्यापारी, निर्यातदार व लघुउद्योजक
आणि आपल्या संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मार्केट यार्डातल्या पेढ्या आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतले छोटे कारखाने यांचे संगणक सांभाळणे हा माझा धंदा. तुमच्या केबिनमध्ये यायच्या आधी मी दिवाणजींच्या टेबलाशी जातो, त्यामुळे तुम्हाला सहसा न दिसणाऱ्या गोष्टी मला दिसतात. अलीकडे ते टेबलच रिकामे होत चालले आहे. टॅलीच्या एंट्र्या तासगावातून होतात. जीएसटीचे रिटर्न विश्रामबागेतल्या फ्लॅटमधून भरले जाते. निर्यातीची कागदपत्रे करणारी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, पण काम अजून तुमचेच करते. यात वाईट काहीच नाही. 2019 च्या पुरात बाजारपेठेत पाणी उभे असताना ज्याचा हिशेब घरून चालू शकत होता, तो माणूस त्यातल्या त्यात सुखी होता. त्यामुळे ‘सगळ्यांना परत पेढीवर बोलवा’ असे मी सांगणार नाही, आणि तुम्ही बोलावलेत तरी आता कुणी येणार नाही.

मला बोलायचे आहे ते माणसे घरी गेल्यावर पेढीवरून जे नाहीसे झाले त्याबद्दल.

पूर्वी दिवाणजी चेक लिहिताना मान वर करून विचारत, ‘शेठ, इरोडच्या पार्टीला पाच लाख लावायचे ना?’ तुम्ही गादीवरून मान हलवायचा. शेजारी बसलेला माणूस ऐकत असायचा, काही खटकले तर तोही बोलायचा. ही तपासणी होती, आणि तिला एक पैसाही खर्च येत नव्हता. आता तोच दिवाणजी घरी एकटा बसलेला असतो. त्याच्यासमोर असतो फक्त मोबाइल, आणि त्यावर तुमचा फोटो लावलेल्या कुणाचा तरी मेसेज : ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, या खात्यावर लगेच आरटीजीएस कर.’ खाते नवे, घाई मोठी आणि विचारायला शेजारी कुणी नाही. चोराला संगणक फोडण्याची गरजच उरत नाही.

‘आमचा माणूस इतका साधा नाही,’ असे बरेच मालक म्हणतात. अरुप ही बांधकाम-अभियांत्रिकीतली जगभर काम करणारी ब्रिटिश कंपनी आहे. 2024 च्या सुरुवातीला तिच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या नावाने एक मेल आला. गुप्त व्यवहार करायचा आहे, असा त्यात मजकूर होता. त्या कर्मचाऱ्याला संशय आला, हे नीट लक्षात घ्या. मग त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावले गेले. तिथे साहेब दिसले, ओळखीचे इतर सहकारीही दिसले, आवाज त्यांचेच. संशय मावळला आणि 15 वेळा मिळून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर बाहेर गेले. आपल्या हिशेबात दोनशे कोटी रुपयांहून जास्त. कॉलवरचे सगळे चेहरे आणि आवाज संगणकाने बनवलेले होते. तुमचा आवाज तर प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर भाषणांच्या आणि सत्काराच्या व्हिडिओंत पडलेला आहे.

तेव्हा आवाज ओळखणे, चेहरा ओळखणे याच्या भरवशावर राहता येणार नाही. उपाय मात्र जुनाच आहे : परत विचारणे. नवे खाते, बदललेले खाते किंवा ‘कुणाला सांगू नको’ असा निरोप, यांपैकी काहीही असले की घरून काम करणाऱ्याने कॉल तोडायचा आणि आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर लावायचा नाही, मेलखाली छापलेल्याही नाही. तुम्ही उचलला नाहीत तर पैसे थांबतील. गाडी उभी राहील, हमाल खोळंबतील, समोरची पार्टी वैतागेल. राहू द्या उभी.

खरी अडचण इथेच आहे, आणि ती तुमच्या दिवाणजीची नसून तुमची आहे, हे स्पष्ट लिहितो. ‘मी सांगतोय ना, मग लाव!’ हे वाक्य मी इतक्या पेढ्यांवर ऐकले आहे की त्याचा संताप येतो. माणसाने एकदा परत विचारले म्हणून चारचौघांत त्याला झाडले, की तो पुढच्या वेळी विचारत नाही. मालकाच्या नावाने घाई केली की हा माणूस निमूट पैसे लावतो, अशी त्याची तालीम तुम्हीच करून घेता आणि तिचा फायदा तिसराच कुणी उठवतो. याउलट ज्या मालकाने सगळ्यांसमोर सांगून ठेवले आहे की ‘माझ्या नावाने कुणीही काहीही सांगू दे, मला परत फोन केल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही, आणि त्याबद्दल मी कधी रागावणार नाही’, त्याच्याकडे ही युक्ती चालत नाही. हे बोलायला पाच मिनिटे लागतात आणि पाळायला संयम लागतो. माझ्या बिलात याचा एक रुपयाही नाही.

बँकेनेही एक सोय दिली आहे, ती वापरा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 1 एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेक्रमांक व आयएफएससी टाकला की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव बघता येते. मोफत आहे, शाखेतूनही बघता येते. नाव पार्टीचे नसेल, भलत्याच ट्रेडिंग कंपनीचे किंवा परगावच्या एखाद्या व्यक्तीचे असेल तर तिथेच थांबायचे. बँकांचे पत्तेही आता ‘डॉट बँक डॉट इन’ असे संपतात. दिवाणजीने मेलमधल्या दुव्यावरून बँकेत न जाता हा पत्ता स्वतः टाइप करावा.

ओटीपीची गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती हास्यास्पद आहे. माल गाडीने पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाच्या पोर्टलला 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. पासवर्डबरोबर मोबाइलवरचा ओटीपीही लागतो. हेतू चांगला. आपण काय केले? मोबाइल नंबर शेठचा ठेवला आणि युजर सगळ्यांचा एकच. आता दिवसातून आठ-दहा वेळा कुणी तरी घरून फोन करते, ‘शेठ, ओटीपी आला असेल बघा,’ आणि शेठ गाडी चालवता चालवता वाचून दाखवतात. काही ठिकाणी तर त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुपच आहे. बँका वर्षानुवर्षे ओरडून सांगताहेत की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि आपण मालकालाच तो फोनवर सांगायची सवय लावली. अकरावा फोन तुमच्या माणसाचा नसेल, आणि तो ओटीपी बँकेचा असेल. पोर्टलवर सब-युजर करता येतात. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ओटीपी. एका दुपारचे काम आहे, पण ते करायला कुणाला सवड होत नाही.

हीच गत टॅलीची. चार माणसे, चार गावे आणि युजर एकच, तोही बहुधा ‘ॲडमिन’, पासवर्ड पेढीचे नाव आणि पुढे एकदोनतीन. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहणे कायद्याने बंधनकारक आहे. चौघे एकाच नावाने आत शिरत असतील तर त्या मागाचा उपयोग काय? उद्या नोंद कुणी खोडली यावरून भांडण झाले, तर सगळा आळ पेढीतल्या सर्वांत गरीब माणसावर जाईल, हे मी लिहून देतो. वेगळे युजर करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक माणसाच्या बाजूने पुरावा राहतो तो त्यामुळेच.

आता दारांकडे येतो. घरून काम करणारा पेढीच्या संगणकात शिरतो कसा? निम्म्या ठिकाणी एनीडेस्क असते, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर उघडून चालवण्याचे सॉफ्टवेअर. त्याला कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला असतो, म्हणजे इकडे ‘स्वीकारा’ म्हणायला माणूस बसवावा लागत नाही. तो पासवर्ड सध्याच्या दिवाणजीकडे असतो, आधीच्या दिवाणजीकडे असतो, टॅलीवाल्याकडे असतो आणि सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करून गेलेल्या कुणाकडे तरीही असतो. ठरावीक संगणकांनाच आत येऊ द्यायची यादी एनीडेस्कमध्ये करता येते, वर दुहेरी पडताळणीही लावता येते. दोन्ही गोष्टी मला क्वचितच लावलेल्या दिसतात.

दुसरा प्रकार याहून वाईट. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप बाहेरून चालावे म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचे क्रमांक असलेले दार, उघडून दिलेला असतो. हा पोर्ट 3389 क्रमांकाचा, आणि जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधून पासवर्ड लावून बघत असतात. सांगलीची हळदीची पेढी कुणाला ठाऊक, असे म्हणू नका. त्यांना पेढी माहीत नसतेच, त्यांना फक्त उघडे दार दिसते. आकडा बदलून भागले असे समजणारे माझे काही व्यवसायबंधूही आहेत. भागत नाही. तो पोर्ट बंदच करायला हवा आणि आत येण्यासाठी दुहेरी पडताळणीचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून पेढीपर्यंतची कुलूपबंद खासगी वाट, हवा. आपल्याकडच्या छोट्या पेढीला तो परवडतो. एका ट्रकच्या भाड्याइतकाही खर्च नाही.

व्हीपीएन आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. अमेरिकेत कोलोनियल ही मोठी तेलवाहिनी मे 2021 मध्ये काही दिवस बंद ठेवावी लागली, पूर्व किनाऱ्यावर पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. चोर आत आले ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. दुहेरी पडताळणी त्याला नव्हती, पासवर्ड आधीच कुठे तरी फुटलेला होता. कंपनीने तेव्हा 75 बिटकॉइनची, म्हणजे सुमारे 44 लाख डॉलरची खंडणी दिली. तुमच्याकडे काम सोडून गेलेल्या माणसाचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण होतो, किल्ली त्याच दिवशी परत घेतली जाते. मेल, टॅली, एनीडेस्क आणि त्याच्या संगणकावर चालू राहिलेले पेढीचे व्हॉट्सॲप वेब मात्र तसेच राहते. मोबाइलमध्ये ‘लिंक केलेली उपकरणे’ उघडून बघा. काही नावे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

घरचा संगणक हा याहून नाजूक विषय. तो मुलांचाही असतो. त्यावर फुकटात उतरवलेले गेम असतात, कुठून तरी आणलेले ऑफिस असते आणि ब्राउझरमध्ये तुमच्या बँकेपासून जीएसटीपर्यंतचे पासवर्ड साठवलेले असतात. नेमके हेच साठवलेले पासवर्ड उचलून नेणारे व्हायरस असतात आणि ते बहुधा फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर येतात. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचीच तिजोरी अशी फुटली. तिच्या एका ज्येष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकावर सिनेमे-गाणी बघण्याचे जुने सॉफ्टवेअर होते. त्यातली फट बुजवणारे अपडेट दोन वर्षांपूर्वीच आले होते, ते घेतलेले नव्हते. त्या फटीतून कळफलकाची प्रत्येक खूण टिपणारा प्रोग्राम आत गेला. इतक्या तयारीच्या लोकांचे असे होत असेल, तर तुमच्या दिवाणजीच्या मुलाच्या लॅपटॉपकडून किती अपेक्षा ठेवायची? पेढीने आपला लॅपटॉप द्यावा, त्यावर पेढीचेच काम व्हावे. नवा नको, वापरलेला चालेल, फक्त त्याला अपडेट मिळत असली पाहिजेत. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे लक्षात ठेवून घ्या. मोबाइलवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ या नावाने येणाऱ्या एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणाऱ्या, फायलींबद्दल पोलीस वारंवार सांगतात, ते इथेही लागू.

‘आयटी सपोर्टमधून बोलतोय’ असा फोन घरी बसलेल्या माणसाला आला तर? जुलै 2020 मध्ये ट्विटरचे कर्मचारी घरून काम करत होते. चोरांनी त्यांना फोन केले, तुमच्या व्हीपीएनची अडचण सोडवतो म्हणाले, हुबेहूब खोट्या पानावर पासवर्ड टाकून घेतला आणि पुढे ओबामा, बायडन यांच्यासारख्यांची खाती ताब्यात घेतली. सूत्रधारांपैकी एक मुलगा अवघा 17 वर्षांचा होता. म्हणून माझ्या नावाने फोन आला तरी तुमच्या माणसांनी मलाही परत फोन करावा. मी रागावत नाही, उलट त्या दिवशी चहा माझ्याकडून.

बॅकअपबद्दल सांगलीकरांना जास्त सांगायला नको. 2005 आणि 2019 ला ज्यांचा संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती, त्यांचे दोन्ही एकाच पाण्यात गेले. खंडणीच्या व्हायरसचेही तेच : डिस्क कायम जोडलेली असेल तर तो तीही कुलूपबंद करतो. एक प्रत जोडणी काढून वेगळ्या इमारतीत, शक्यतो उंचावर ठेवा, आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. इंग्लंडमधली केएनपी ही 158 वर्षांची ट्रक वाहतूक कंपनी 2023 मध्ये अशा हल्ल्यानंतर बंद पडली, सुमारे 700 जणांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी हे जरूर वाचावे.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. संगणकाचीही इशारा पातळी असते, पण ती कुणी शिकवत नाही. न मागता ओटीपी येणे, ‘लॉगिन तुम्हीच करताय का?’ असे मोबाइलने रात्री पुन्हा पुन्हा विचारणे, माउस आपोआप हलणे, जुन्या पार्टीच्या मेलमध्ये पत्त्यातले एखादे अक्षर बदललेले असणे. मेलच्या सेटिंगमध्ये एक नियम गुपचूप घातलेला सापडतो : ‘इनव्हॉइस’ शब्द असलेले मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर पाठवा. परदेशी ग्राहकाचे पैसे भलत्या खात्यावर वळवायच्या आधी चोर आठवडेच्या आठवडे असे मेल वाचत बसतात. हळद आणि बेदाणा बाहेर पाठवणाऱ्यांनी तो नियम आजच शोधावा.

आणि पाणी आत शिरलेच तर लपवू नका. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 वर फोन, मग बँक, मग पोलीस. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आले तर मिळण्याची आशा असते, दोन दिवस ‘बघू, विचारू’ करण्यात गेले की ती संपते. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना 6 तासांत कळवाव्या लागतात आणि संगणक यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असे समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या व्याख्येत भागीदारी आणि एकट्याच्या मालकीची पेढीही येते. शिवाय तुमच्या संगणकात शेकडो शेतकऱ्यांचे आधार आणि बँक खातेक्रमांक पट्टीसाठी, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबासाठी, ठेवलेले आहेत. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, ती जपण्यात हलगर्जी झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतका दंड पेढीवर बसेल असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याला मात्र तुम्हालाच तोंड द्यायचे आहे.

घरी बसलेल्या माणसाच्या हातून चूक झाली तर त्याने ती तासाभरात सांगावी की नोकरी जाईल या भीतीने रात्रभर दाबून ठेवावी, हेही तुमच्याच वागण्यावर ठरते.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. परत विचारणे आपल्या बाजारात अपमान समजला जातो. इथे शब्दावर व्यवहार चालतो आणि ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न कुणालाच ऐकायचा नसतो. एकट्या पेढीने फोन करून खातरजमा केली तर निजामाबादची किंवा इरोडची पार्टी नाराज होईल. सगळ्या सांगलीने केली तर तो बाजाराचा नियम ठरेल आणि कुणाला राग येण्याचे कारण उरणार नाही. म्हणून संघटनेने ठराव करावा की बँक खाते बदलल्याची सूचना सांगलीत फक्त जुन्या नंबरवर फोन करूनच मान्य होईल, मेल किंवा मेसेजवर नाही. त्याची प्रत बाहेरच्या सगळ्या बाजार समित्यांना आणि मोठ्या खरेदीदारांना पाठवावी. वालचंद महाविद्यालयात संगणक शिकणारी मुले आहेत. महाविद्यालयाशी बोलून त्यांच्यातल्या काहींना, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुट्टीत पेढ्या-कारखान्यांच्या दारांची तपासणी करू द्यावी. मुलांना अनुभव मिळेल, तुम्हाला यादी मिळेल.

एक गोष्ट ठरावाशिवायही होते. हळदीच्या नव्या हंगामाची बिलबुके आणि लेटरहेड छपाईला जातील तेव्हा खाली एक ओळ वाढवा : ‘आमचे बँक खाते बदलल्याचा मेल किंवा मेसेज आल्यास पैसे पाठवण्यापूर्वी आमच्या पेढीच्या जुन्या नंबरवर फोन करावा.’ छापखान्याला प्रूफ परत पाठवायच्या आधी सांगा, जादा पैसे पडणार नाहीत.

आपला,
मार्केट यार्ड व एमआयडीसीतले संगणक सांभाळणारा एक तंत्रज्ञ
सांगली